सापासारखा न दिसणारा साप

रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! सांगलीला आमचं तीन पिढ्यांचं साड्यांचं दुकान होतं. इतर मुलं पाढे म्हणत होती तेव्हा मी लिंबू, हळदी, चटणी, मोरपंखी असं घोकत होतो. पुढे कॉम्प्युटरच्या नादाला लागून मी अमेरिकेत रेडमंडपर्यंत आलो खरा, पण रक्तातला रंग काही गेला नाही. आजही कुठल्याही कापडाचा रंग मी डोळे मिटून ओळखतो!

त्यामुळे आमच्या प्रीतानं जेव्हा साप पाळायचं ठरवलं, आणि त्या सापात म्हणे रंगांचे शंभरएक प्रकार असतात असं मला कळलं, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

"तू काळजीच करू नकोस," मी तिला म्हणालो. "साप तुझा, रंग माझ्याकडे लागला!"

"बाबा, प्लीज," ती म्हणाली, "यू डोन्ट हॅव टू हेल्प."

पण बापाचं मन असं थोडंच ऐकतं? प्रीता सोळा वर्षांची. आणखी थोड्या दिवसांनी कॉलेजला जाईल. हल्ली ती माझ्याशी बोलायची ती फक्त गाडीची किल्ली मागताना. अशा वेळी पोरीच्या आयुष्यात शिरायला एक फट सापडली होती. त्या फटीत साप होता, त्याला माझा इलाज नव्हता.

आता तुम्ही विचाराल, रेडमंडजवळच्या आमच्या बॉथेलसारख्या सभ्य गावात, जिथे माणसं कुत्रं पाळतात आणि कुत्र्याला रेनकोट घालतात, तिथे आमच्याच पोरीला साप का सुचावा? तर ती शनिवार-रविवारी एका प्राण्यांच्या आश्रयगृहात कामाला जाते. तिथे लोकांनी टाकून दिलेले सरडे, कासवं, साप येतात. एके दिवशी तिथे तिच्या हातावर एक बोआ येऊन झोपला आणि ती घरी आली ती ठरवूनच. बोआ म्हणजे बोआ कन्स्ट्रिक्टर. विषारी नाही. विळखा घालतो, पण उंदराला. हे सगळं प्रीतानं आम्हाला स्लाइड्स करून दाखवलं. एकदा नव्हे. दोन वर्षं!

अडचण होती ती नीलांबरीची. नीलांबरी माझी बायको. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे माझ्यासारख्यांच्या चुका काढण्याबद्दल तिला पगार मिळतो. घरी तेच काम ती फुकट करते. सापाचं चित्र असलेलं पानसुद्धा ती पेन्सिलच्या टोकानं उलटते.

शेवटी दिवाळीत, करंज्यांचा घाणा चालू असताना, ती अचानक म्हणाली, "ठीक आहे. आण साप. पण एक अट आहे. सापासारखा दिसणारा साप माझ्या घरात येणार नाही."

"आई, दॅट मेक्स नो सेन्स!"

"घर माझं आहे. सेन्स मी ठरवणार."

दुसरी एखादी मुलगी असती तर रडली असती. प्रीतानं फोन काढला आणि एकामागून एक रंग दाखवायला सुरुवात केली. साधा तपकिरी बोआ बघून नीलांबरीनं डोळे मिटले. राखाडी बघून तिनं झारा उगारला. मग प्रीतानं एक फोटो पुढे केला. केशरी! अंगावर काळ्या रंगाचा ठिपकासुद्धा नाही. पाठीवर फिकट नक्षी. ह्या प्रकाराला म्हणतात सनग्लो.

नीलांबरीनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"हं," ती म्हणाली. "हा जरा बरा आहे. पण हाच रंग पाहिजे. एक शेड जरी इकडची तिकडे झाली, तर साप परत. आणि आणणाराही परत!"

म्हणजे आता सगळा प्रश्न रंगाचा उरला होता. माझ्या घराण्याचा प्रश्न!

मी एक अख्खा वीकेंड अभ्यास केला. ज्याच्या अंगात काळा रंग तयारच होत नाही तो अल्बिनो. ज्याच्यात काळा कमी तो हायपो. लाल गायब तो अनेरी, म्हणजे राखाडी. हायपो आणि अल्बिनो एकत्र आले की सनग्लो. शिवाय काहींच्या अंगात रंग दडलेला असतो, तो त्यांच्यावर दिसत नाही, पुढच्या पिढीत उगवतो. थोडक्यात, साप घ्यायचा तर त्याचे आईवडील बघावे लागतात. हे मी रविवारी रात्री जेवताना प्रीताला समजावून सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "ही माझीच स्लाइड आहे. नंबर फोर."

विकणाराही प्रीतानंच शोधला होता. देवदत्त. न्यू जर्सीत जन्मलेला, इथे वुडिनव्हिलला दातांचा डॉक्टर. दिवसा लोकांचे दात काढतो आणि संध्याकाळी तळघरात बोआ वाढवतो. मराठी मंडळात आमची तोंडओळख होती. माझ्यापेक्षा जेमतेम नऊ वर्षांनी लहान, डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस, तरी मला काका म्हणतो! ते मी मनावर घेत नाही.

पण हा देवदत्त कुणालाही साप देत नाही. त्यानं आधी फोनवर आमची तासभर उलटतपासणी घेतली. पेटी केवढी? ऊब कशी देणार? कुठल्या खोलीत ठेवणार? बोआ पंचवीस-तीस वर्षं जगतो, मग प्रीता कॉलेजला गेल्यावर बघणार कोण? माझ्या लग्नाच्या वेळी नीलांबरीच्या वडिलांनीसुद्धा एवढं विचारलं नव्हतं! शेवटच्या प्रश्नाला मी "मी आहे ना!" असं ठणकावून सांगितलं. त्यावर तो नुसतंच "हं" म्हणाला.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही निघालो. बाहेर इथली नेहमीची थंड, चिवट रिपरिप. नीलांबरीनं गाडीतच जाहीर करून टाकलं.

"मी आत येणार नाही. हीटर लावून गाडीत बसते. आणि सापाचा खोका डिकीत ठेवायचा."

"आई, डिकीत तिला थंडी वाजेल!"

"मग बाबाला डिकीत ठेव."

दार उघडलं ते देवदत्तच्या आईनं. सुनेत्रा काकू. हातावर तिळगूळ ठेवत म्हणाल्या, "या, या. लोकांच्या तळघरात टीव्ही असतो, पाहुण्यांची खोली असते. आमच्याकडे हे! पण लळा लागतो हो. ती इंग्रजी नावं मला मेलीला जमत नाहीत, म्हणून मीच सगळ्यांची नावं ठेवलीत. तुमची ती जिलबी. वेटोळं घालून बसते ना, म्हणून."

तळघर उबदार होतं. भिंतीला लावून काचेच्या पेट्या. प्रत्येकीत कुणी ना कुणी गुंडाळी करून बसलेलं. देवदत्तनं एक पेटी उघडली आणि दोन्ही हातांवर जिलबीला बाहेर आणलं. चार फूट लांब, प्रीताच्या मनगटाएवढी जाड. प्रीताचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं.

मग मी सापाकडे बघितलं आणि माझं भरून आलेलं जागच्या जागी आटलं.

कुठे तो फोटोतला केशरी आणि कुठे हा रंग! मळकट, पांढुरका, कोमट पाण्यात चहाची पिशवी विसरून जावी तसा. ह्याला सनग्लो म्हणायचं? हा साप घरी नेला असता तर नीलांबरीनं सापाला घेतलं असतं की नाही ठाऊक नाही, पण मला नक्कीच घेतलं नसतं!

"देवदत्त," मी खाकरून म्हणालो, "माल बदललेला दिसतोय."

"सॉरी, काका?"

"फोटोतला रंग हा नाही."

"ओह! नो, नो. शी इज इन शेड. कात टाकणार आहे ती. आज नाहीतर उद्या. त्याच्याआधी सगळे असेच डल दिसतात. कात टाकली की बघा, रंग कसा खुलतो!"

रंग खुलतो! हे वाक्य तो मला सांगत होता! अहो, ह्या वाक्यावर आमचं दुकान तीन पिढ्या चाललं! "एक धुणं पडू द्या वहिनी, मग बघा रंग कसा खुलतो!" असं सांगून आमच्या आजोबांनी न खपलेला अख्खा गठ्ठा खपवला होता. मी मनात म्हटलं, बेट्या, तू दातांचा डॉक्टर असशील, पण माझ्यासमोर दात काढू नकोस.

"बाबा, ही इज राइट," प्रीता कुजबुजली. "तिचे डोळे आधी निळसर झाले होते, दादा फोनवर म्हणाला होता. आता क्लिअर झालेत. म्हणजे कात निघायला आलीय. प्लीज डोन्ट बी वियर्ड."

"तू लहान आहेस," मी कुजबुजलो. "दुकानदार ओळखायला वय लागतं."

"काका, तिचे पेरेंट्स दाखवू?" देवदत्तनं शांतपणे दोन पेट्या दाखवल्या. आई लखलखीत केशरी. वडील मात्र साधे, पण त्यांच्या अंगात म्हणे अल्बिनो दडलेला.

"आणि मुलगी वडिलांवर गेली असेल तर?" मी विचारलं.

प्रीतानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात देवदत्तचा फोन वाजला. कुणाच्या तरी दाताची टोपी तिळाच्या वडीत निघून आली होती. संक्रांत म्हणजे मराठी दातांचा सुगीचा काळ! "टू मिनिट्स," असं म्हणत त्यानं जिलबी प्रीताच्या हातात दिली आणि तो जिना चढून गेला. लगेच वरून काकूंची हाक आली. "प्रीता, वरच्या फळीवरचा डबा काढून दे गं, माझा हात पोचत नाही!"

प्रीतानं एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग नाइलाजानं जिलबी माझ्या हातांवर ठेवली.

"बाबा, नुसता उभा राहा. काहीही करू नकोस. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!" मी म्हणालो.

ती गेली. मी नुसता उभा राहिलो. निदान दहा सेकंद तरी!

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. दुकानातल्या दिव्याखाली रंग कधी ठरवू नये. साडी घ्यायची, दुकानाच्या पायरीवर यायचं आणि उजेडात बघायची. नंतर ओल्या रुमालानं काठाला घासून बघायचं, रंग सुटतो का ते. चार शहाण्या बायका जमल्या की आमच्या पायरीवर हेच चाले आणि आजोबांच्या कपाळाला आठ्या पडत. ह्या तळघरात तर जिकडेतिकडे पिवळे दिवे! आणि घर उतारावर असल्यामुळे माझ्यासमोरच मागच्या अंगणात उघडणारं दार!

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी जिलबीला घेऊन बाहेर पडलो.

उजेडात ती आणखीच मळकट दिसली. मी खिशातून रुमाल काढला, तो पावसात ओला व्हायला वेळ लागला नाही, आणि हलक्या हातानं तिच्या नाकाच्या शेंड्याजवळ घासलं. रुमालाला पातळ, पांढरट असं काहीतरी चिकटून आलं.

"रंग सुटला!" मी ओरडलो. "पकडला!"

माझा हा विजय बघायला अंगणात कुणीही नव्हतं. माझ्यामागे दार आपोआप लागल्याचा खट्ट असा आवाज मात्र झाला.

आणि जिलबी हलायला लागली. इतका वेळ ती बिचारी गप्प होती. पण ती उष्ण देशातल्या जातीची, ही बोचरी हवा तिला कशी सोसावी? तिनं जीभ काढून अंदाज घेतला. त्या अख्ख्या अंगणात उबदार अशी एकच जागा होती. माझं फुगीर जॅकेट! त्याची चेन अर्धी उघडी होती. मी "अगं, अगं, अगं!" म्हणेपर्यंत तोंड आत गेलं, आणि मग उरलेली चार फूट जिलबी सावकाशपणे त्याच्या मागोमाग गेली. पोटाभोवती एक वेढा. बरगड्यांना दुसरा. आवळत नव्हती हो, नुसती ऊब घेत होती. पण हे माझ्या पोटाला कोण समजावणार?

मी दार ठोठावलं. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू दिसल्या. मी एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं जोरजोरात खुणा केल्या. काकूंनी हसून हात हलवला, डावीकडच्या कोबीच्या वाफ्याकडे कौतुकानं बोट दाखवलं आणि त्या आत निघून गेल्या.

आता मला घाम फुटला. स्वतःसाठी नव्हे. बोआला थंडी बाधली की त्याच्या छातीत कफ होतो, हे मी वाचलं होतं. जिलबीला काही झालं असतं तर प्रीतानं मला जन्मात माफ केलं नसतं. आणि तिनं दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या एका रुमालापायी संपलं असतं. पुढच्या दाराची बेल वाजवावी, तर देवदत्तला सगळं सांगावं लागणार. त्यापेक्षा ऊब कुठे आहे? गाडीत! तिथे बसावं, जिलबीला गरम होऊ द्यावं, ती आपणहून बाहेर येईल, मग हळूच परत नेऊन ठेवावी. बेत कसा अगदी बिनचूक होता. गाडीत नीलांबरी होती, एवढंच काय ते खटकत होतं.

मी घराला वळसा घातला आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. नीलांबरी ड्रायव्हरच्या जागी बसून काहीतरी वाचत होती.

"झालं? घेतली?"

"ठरतंय अजून."

"मग तू का आलास?"

"म्हटलं, तुला एकटीला कंटाळा येईल."

तिनं फोन खाली ठेवला. "इतक्या वर्षांत हे तुला पहिल्यांदा सुचलंय. काय केलंस?"

"काही नाही! हीटर जरा वाढव. सीटचाही."

"यतीन, आत भट्टी झालीय. तुला ताप आहे का?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मग तिची नजर खाली गेली. "तुझं पोट हलतंय."

"भूक लागलीय."

"भुकेनं पोट वाजतं. डावीकडून उजवीकडे जात नाही!"

मला काही सुचणार तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या गाडीला एक खोड आहे. फोन जवळ आला की तो ती स्वतःकडे ओढून घेते. गाडीच्या सगळ्या स्पीकरमधून प्रीताचा आवाज घुमला.

"बाबा! व्हेअर आर यू? जिलबी कुठेय? देवदत्तदादा इज फ्रीकिंग आउट, आम्ही सगळं बेसमेंट शोधलं! बाबा, ती तुझ्याकडे होती! आणि प्लीज, प्लीज, आईला सांगू नकोस!"

"आईनं ऐकलंय," नीलांबरी म्हणाली.

स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला.

नीलांबरीनं दोन्ही पाय सीटवर घेतले. "म्हणजे साप मोकळा फिरतोय? त्या घरात? अरे देवा! बरं झालं मी गाडीत बसले. इथे काही येत नाही."

"नाही ना," मी म्हणालो.

आणि माझ्या हनुवटीखाली, कॉलरमधून, एक तोंड बाहेर आलं.

नीलांबरी किंचाळली नाही. किंचाळायला श्वास लागतो, तो तिनं आधीच आत घेऊन ठेवला होता. तिनं दाराकडे झेप घेतली, पण सीट बेल्टनं तिला परत आणलं, आणि तिचं कोपर हॉर्नवर पडलं ते पडलंच! सबंध वुडिनव्हिलला ऐकू जाईल असा भोंगा सुरू झाला. मी हलू शकत नव्हतो. माझ्या कॉलरमधून जिलबी सावकाश निघत होती, खांद्यावरून उतरत होती, दोन सीटच्या मधल्या गरम जागेकडे जात होती.

मग मला दिसलं. माझ्या जॅकेटच्या आत, त्या उबेत, माझ्या घामाच्या ओलाव्यात आणि चेनच्या खरखरीत दातांना घासत, जिलबीनं कात टाकली होती! ती पातळ कात माझ्या शर्टाला चिकटून मागे राहिली होती आणि पुढे आली होती ती नवीकोरी, झळझळीत, केशरी जिलबी. गाडीत दिवा लावल्यासारखं झालं.

भोंगा थांबला. नीलांबरीनं कोपर उचललं होतं. ती दाराला पाठ लावून बसली होती, पण डोळे मिटले नव्हते.

"यतीन," ती अगदी हळू म्हणाली, "हा रंग..."

"हाच आहे का गं?" मी विचारलं.

"नाही. फोटोतला नाही." तिनं मान जरा पुढे केली. "फोटोत ह्यातलं काहीच आलं नव्हतं. पाठीवर बघ ना, केशरी आहे, पण कडेला येता येता अबोली होत गेलाय. आणि तो मधला पिवळा... आंब्याचा नाही रे, सोनचाफ्याचा!"

अबोली! तीन पिढ्यांचं दुकान माझं, आणि मला तो अबोली दिसलाच नव्हता.

जिलबीनं जीभ काढून तिच्याकडे बघितलं. नीलांबरीनं एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, परत पुढे केलं आणि तिच्या पाठीला टेकवलं.

"कोरडी आहे की," ती चकित होऊन म्हणाली. "मला वाटलं होतं ओली असेल. चिकट."

तेवढ्यात हॉर्न ऐकून घरातून सगळे धावत आले. माझ्या बाजूचं दार उघडलं गेलं. पुढे प्रीता, तिच्यामागे देवदत्त, त्याच्यामागे हातात झारा घेतलेल्या काकू. देवदत्तनं जिलबीला उचललं, तिचे डोळे बघितले, शेपटीचं टोक बघितलं, कात पुरी निघाली का ते बघितलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"काका, तुम्ही तिला बाहेर नेलंत? ह्या थंडीत?"

"उजेडात रंग बघायला. आमच्याकडे पद्धत आहे." आणि काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी पुरावा म्हणून रुमाल दाखवला! "रंग सुटत होता, म्हणून..."

"यू रब्ड हर? कात निघताना? काका, स्किन फाटली असती तिची!"

मी रुमाल खिशात घातला.

"आय अ‍ॅम सॉरी, प्रीता," देवदत्त म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तुझी काही चूक नाही. पण मी तिला ह्या घरी नाही देऊ शकत."

प्रीता रडली नाही. "ओके," म्हणाली, एवढंच. तिनं मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी गाडीतून उतरलो, म्हणालो, "देवदत्त, गाढव मी आहे. हवं तर मला घरात येऊ देऊ नकोस, पण पोरीला शिक्षा नको." पण माझं कोण ऐकणार होतं? माझ्या कॉलरमधून कात लोंबत होती.

पलीकडचं दार उघडलं. नीलांबरी उतरली. पावसात, छत्री न घेता, गाडीला वळसा घालून ती सापाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"देवदत्त, आधी तिला गाडीत घे. काकडतेय ती."

देवदत्तनं जिलबीला गरम सीटवर ठेवलं आणि दार अर्धवट लावून घेतलं.

"आता बोल," नीलांबरी म्हणाली. "दोन वर्षं ही पोरगी माझ्यामागे लागून सापाबद्दल सांगतेय, आणि मी लक्ष नसल्यासारखं दाखवतेय. सगळं पाठ झालंय मला. विचार काय विचारायचं ते."

देवदत्त गोंधळला. "ओके... पेटीत ऊब कशी द्यायची?"

"एका बाजूला. दुसरी बाजू गार ठेवायची, म्हणजे तिला हवं तिथे जाता येतं."

"जेवल्यावर?"

"दोन दिवस हात लावायचा नाही. पोट जड असतं."

"कात टाकायला आली की काय करायचं?"

"काहीही करायचं नाही! पेटीत ओलावा ठेवायचा आणि लांब राहायचं." हे तिनं माझ्याकडे बघून सांगितलं.

काकूंनी झारा खाली केला. देवदत्तनं शेवटचा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला. "आणि प्रीता कॉलेजला गेल्यावर? तिच्यामागे कोण बघणार?"

नीलांबरीनं काचेतून आत बघितलं. जिलबीनं गरम सीटवर छान वेटोळं घातलं होतं.

"मी आहे," ती म्हणाली.

"आई?" प्रीता पुढे आली. आणि जे रडू इतका वेळ आलं नव्हतं ते आता आलं. तिनं आईला मिठी मारली, मग भिजलेल्या मलाही ओढून घेतलं, कातीसकट. सोळा वर्षांच्या मुलीनं आपणहून मिठी मारणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी सोळा वर्षांची मुलगी आहे त्यांनाच कळेल.

देवदत्त डोकं खाजवत हसायला लागला. "ओके, नीलांबरी काकू. तुम्ही असाल तर देतो. पण..." त्यानं मान माझ्याकडे वळवली. "काकांचं काय?"

"त्याची जबाबदारी माझी," नीलांबरी म्हणाली. "इतकी वर्षं पाळलंय मी ह्याला. अजून कुणाला चावला नाही!"

काकू सर्वांत जास्त हसल्या. परत निघताना प्रीतानं गाडी चालवायला घेतली, जिलबीचा खोका मांडीवर घेऊन नीलांबरी पुढच्या गरम सीटवर बसली, आणि मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी आपला गुपचूप मागे जाऊन बसलो.